अश्रुकुंड

"चढलं, चढलं! बघा, पाणी चढलं!"

तळघरात एकच गलका उठला. दगडी कुंडात हात सोडून बसलेल्या बाईंना हुंदका आवरेना. त्यांच्या सासूबाई गेल्या तेव्हा दोघींमधलं भांडण मिटायचं राहून गेलं होतं. आता कुंडातलं पाणी चढत चढत त्यांच्या बोटांना शिवलं होतं. म्हणजे सासूबाईंनी माफ केलं होतं.

"गेलेल्या माणसाचे अश्रू आहेत हे!" पुजारी खर्जात म्हणाला. "राग गेला की चढतात, राग असला की उतरतात. शंका असेल त्याने चाखून बघावं. खारट लागतात की नाही? अश्रू खारटच असतात!"

लोकांनी चाखलं. खारट होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

रांगेच्या अगदी शेवटी बाबा उभे होते आणि त्यांच्याजवळ त्यांची लेक. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. हवापालट म्हणून लेक त्यांना समुद्रावर घेऊन आली आणि हॉटेलच्या सहलीत दोघांची नावं घातली. पहिल्या दिवशी पडके खांब, ढासळलेली वेस, जुनं देऊळ असं सगळं बघून झाल्यावर गाईडने सर्वांना या तळघरात उतरवलं. बाबांनी कुंडात हात सोडला आणि पाणी उतरलं. दुसऱ्या दिवशी ते हट्टाने पुन्हा आले. पुन्हा उतरलं.

"बाई फार दुखावल्यात," पुजाऱ्याने मान हलवली. "उपास धरा. येत राहा."

तेव्हापासून बाबांनी जेवण सोडलं होतं. हृदयाच्या गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नव्हत्या, त्यामुळे त्याही सुटल्या. "तिने माफ केल्याशिवाय घरी पाऊल टाकणार नाही," असं म्हणून त्यांनी परतीची तिकिटं रद्द करायला लावली. छातीत दुखतंय असं आई म्हणाली, त्या रात्री ते म्हणाले होते, "पित्त असेल, झोप." ते एकच वाक्य ते स्वतःला पुन्हा पुन्हा ऐकवत होते. डॉक्टर फोनवर लेकीलाच ओरडले, "समजवा त्यांना! जिवाशी खेळ आहे हा!"

समजवायचं कसं, आणि तिथून ओढून न्यायचं तरी कसं? हे सगळे अवशेष होते समुद्रातल्या खडकावर. भरती आली की किनाऱ्याकडचा दगडी रस्ता बुडायचा आणि ओहोटी लागेपर्यंत कोणालाच बाहेर पडता येत नसे. "देवाने बांधून ठेवलं म्हणा!" हा रोजचा विनोद करून गाईड तळघराचं दार ओढून घेई. मग ओलसर भिंती, उदबत्तीचा धूर आणि खांद्याला खांदा लावून उभी माणसं. लेकीला वाटे, दार उघडलं तरी आपली सुटका नाही. आपण बाबांच्या त्या एका वाक्यात कोंडले गेलोय.

आज मात्र ती कुंडाकडे बघत नव्हती. सकाळी हॉटेलच्या काउंटरवर तिने सहज विचारलं होतं, "सहलीची वेळ रोज का बदलते हो?"

"भरती रोज उशिरा येते ना ताई," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "रस्ता बुडायच्या आत तुम्हाला पलीकडे पोचवायला नको?"

म्हणून आज लेक तळघराच्या भिंतीतल्या झरोक्यातून बाहेर बघत होती. खाली खडकात होडी बांधायची एक गंजकी कडी होती. आत पाणी चढत होतं, तेव्हा बाहेर कडी बुडत गेली. मग कुंडातलं पाणी जागचं हलेना. "विचार करतायत," पुजारी म्हणाला आणि त्याने रोजची कथा लावली. शापित राजकन्या, रागावलेला राजा, सात जन्म. कथा संपता संपेना. संपली तेव्हा कडी पुन्हा वर डोकावत होती.

"बाबा, तुम्ही रोज शेवटी का राहता?"

"लोकांना घाई असते गं. आणि माझे हे गुडघे. जाऊ दे त्यांना आधी."

लेकीने आवाज चढवला. "बुवा, त्या मघाच्या बाईंना पुन्हा एकदा हात घालू द्या."

"माफी एकदाच मागायची असते!"

"का? सासूबाई इतक्यात पुन्हा रागावतील?"

"आमच्या रागवायच्या!" बाई म्हणाल्या आणि तळघर हसलं. त्या पुढे झाल्या, हात सोडला. पाणी बोटांपासून खाली सरकत गेलं. बाईंचा चेहरा उतरला.

"घाबरू नका, बाहेर बघा. समुद्रही उतरतोय," लेक म्हणाली. मग ती बाबांकडे वळली. त्यांचा जन्म पाणीपुरवठ्याच्या टाकीवर गेला होता. "बाबा, टाकीत न डोकावता आत पाणी किती, ते तुम्हाला कसं कळायचं?"

"बाहेरच्या काचेच्या नळीवरून," बाबा सवयीने म्हणाले. "टाकीत जेवढी पातळी, तेवढीच नळीत."

 त्यांनी झरोक्याकडे बघितलं, कुंडाकडे बघितलं. गुडघे धरत खाली बसले आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"तळाशी फट आहे. तिथून पाणी बाहेर ओढलं जातंय." हात बाहेर आला तेव्हा बोटांत हिरवं शेवाळ होतं. "बुवा, अश्रूंना शेवाळ धरतं होय?"

"नास्तिक आलेत, म्हणून पाणी उतरलं!" पुजारी कडाडला.

"मग ऐन ओहोटीत चढवून दाखवा," बाई म्हणाल्या.

"चला चला, बसची वेळ झाली," गाईड घाईघाईने दाराकडे सरकला.

"कुठे निघालात? रस्ता अजून पाण्यात आहे!" मागून कोणीतरी म्हणालं. आज पुजारी आणि गाईड दोघेही आत अडकले होते.

बाबा पायरीवर बसून राहिले. "म्हणजे दगडाला काही ठाऊक नव्हतं. मग तिने माफ केलं की नाही, मला कोण सांगणार?"

"मी. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तिच्याजवळ मीच होते. शेवटचं काय म्हणाली ती? 'यांनी रात्रीपासून चहासुद्धा घेतला नाही, बघ जरा.' रागावलेलं माणूस असं बोलतं?"

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही कुंडाला विचारत होतात, बाबा. मला विचारलंत कुठे?"

बाबांनी बोटांतलं शेवाळ झटकून टाकलं. मग त्यांनी ओला हात शर्टाला पुसला आणि पुढे केला. लेकीने त्यावर बिस्किटं ठेवली आणि नंतर गोळी.

समुद्र चंद्राच्या ओढीने चढतो आणि उतरतो. कोणाची सासू कोण आणि कोणाची बायको कोण, त्याच्या गावीही नसतं. गेलेल्या माणसाचं मन जाणून घ्यायचं असेल, तर त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला विचारावं. आणि बंद खोलीत कोणी चमत्कार दाखवू लागलं, तर हात जोडण्याआधी एकदा खिडकीबाहेर बघावं.