सिर्कासाठी ओढलेली वायर

रेइयो आणि सिर्का हे नवरा-बायको एकाच ट्रकवर होते. नॉर्वेच्या किनाऱ्यावर मासळी भरायची आणि थेट हेलसिंकीला पोचवायची. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं मागच्या पलंगावर झोपायचं. नऊ वर्षं असंच चाललं होतं. घर टोर्नियोत, पण राहणं केबिनमध्ये. माझं गॅरेजही टोर्नियोतच. गाड्यांच्या विजेची कामं करायचो मी.

त्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी सिर्काला सांगितलं की झोपेत तिचा श्वास अडकतो. झोपताना नाकावर मास्क लावायचा, त्याला मशीननं हवा पुरवायची. नाहीतर लायसन्स काढून घेऊ. शुक्रवारी दुपारी दोघं ट्रक घेऊन माझ्याकडे आले.

“आर्ने, मशीनला घरच्यासारखी वीज लागते,” रेइयो म्हणाला. “गाडीत चोवीस व्होल्ट. कर काहीतरी.”

“छोटा इन्व्हर्टर घे. लायटरच्या सॉकेटात खुपस, झालं काम.”

“छोटा कशाला? मोठाच बसव. मायक्रोवेव्ह चालेल. पंपावरचे सॉसेज खाऊन खाऊन माझं तोंडच सॉसेजसारखं झालंय.”

“लग्नातही तसंच होतं,” सिर्का म्हणाली.

मी दोन हजार वॅटचा बसवला. बॅटरीपासून जाड केबल काढली, केबिनच्या तळाला भोक पाडून वर आणली आणि पलंगाखाली इन्व्हर्टरला जोडली. असल्या केबलला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लागतो. केबल कुठे सोलून लोखंडाला टेकली, तर फ्यूज उडतो आणि वीज तुटते. फ्यूजच नसेल तर बॅटरी आपली सगळी ताकद त्या एका जागी ओतत राहते. हे मी शिकाऊ असल्यापासून जाणतो. पण त्या मापाचा फ्यूज संपला होता. भोकाच्या कडेला बसवायचं रबरही मापाचं मिळेना, म्हणून टेप गुंडाळली.

“सोमवारी ये, फ्यूज घालून देतो.”

“आज मासळीला निघायचंय. तोवर चालेल ना?”

“चालेल,” मी म्हणालो.

त्या सोमवारी ते नॉर्वेत होते. पुढच्या सोमवारी हेलसिंकीत. फ्यूज आला, त्यावर रेइयोचं नाव लिहून मी तो फळीवर ठेवला. मग थंडी वाढली, रोज पाच-सहा गाड्या बंद पडून यायला लागल्या. एक फोन करायला कितीसा वेळ लागतो? मी केला नाही.

जानेवारीत मुओनियोजवळच्या थांब्यावर ते उभे होते. भर दुपार, उणे एकतीस. सिर्का पहाटेपासून चालवून दमली होती. पडदे ओढून, मास्क लावून झोपली. रेइयो समोरच्या पंपावर अंघोळीला गेला. तळाच्या भोकाशी केबल तीन महिने धक्क्याधक्क्यानं घासत होती. नेमकी तेव्हा ती लोखंडाला भिडली.

रेइयो बाहेर आला तेव्हा केबिनच्या काचा आतून काळ्या झाल्या होत्या. त्यानं दार उघडलं आणि आत घुसला. दुसऱ्या दोन ड्रायव्हरांनी त्याला पाय धरून बाहेर ओढलं. सिर्काला कुणालाच काढता आलं नाही.

अंत्यविधीला शवपेटी उचलणाऱ्यांत मी होतो. रेइयोचे दोन्ही हात भाजलेले, कोपरापर्यंत पट्ट्या बांधलेल्या, त्यामुळे त्याला ती उचलता येईना. तो नुसता बाजूनं चालत राहिला.

नंतर सिर्काची बहीण अन्नेली माझ्याजवळ आली. “रेइयोनं पोलिसांना सांगितलं, वायर त्यानंच ओढली म्हणून. त्याला येतं का रे हे काम?”

रेइयोला साधा बल्ब बदलायचा म्हटलं तरी तो सिर्काला हाक मारायचा.

“थोडंफार येतं,” मी म्हणालो.

अकरा दिवस मी गप्प राहिलो. कामावर जायचो, यायचो. बाराव्या दिवशी एका ट्रकखाली पडून बॅटरीची केबल सोडवत होतो. पाना तिथंच टाकला. तसाच उठलो आणि पोलिसांकडे गेलो. सगळं सांगितलं. टेपसकट.

“आधी का आला नाहीत?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“भीती वाटली.”

त्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

दोन दिवसांनी रेइयो गॅरेजच्या दारात उभा राहिला. मला वाटलं, मारेल. त्यानं मारावं असंच वाटत होतं.

“तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?”

“काम माझं होतं, रेइयो. ‘चालेल’ मी म्हणालो होतो.”

“आणि मोठा कुणी मागितला होता? सोमवारी ये म्हणालास, आलो का मी? तिनं दोनदा आठवण करून दिली होती मला. दोनदा! मी म्हटलं, जाऊ गं पुढच्या आठवड्यात.” त्याचा आवाज फाटला. “हा दोष माझा होता, आर्ने. ती गेली, घर खायला उठतं. एवढं एक माझ्याकडे उरलं होतं, त्यातही तू वाटेकरी झालास.”

मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

“तिला कळलं असेल का रे?” त्यानं विचारलं.

“मास्कमधून धूर आधी गेला असेल. बहुतेक जागच आली नसेल.”

“बहुतेक,” तो म्हणाला, आणि निघून गेला.

मे महिन्यात निकाल लागला. मला सात महिन्यांची शिक्षा झाली, पण ती तहकूब ठेवली. तुरुंगात जावं लागलं नाही. रेइयोवर खटला झाला नाही. कोर्टात तो शेवटच्या बाकावर बसला होता. निकाल वाचून संपायच्या आत उठून गेला.

गॅरेज मी बंद केलं. आता कागदाच्या कारखान्यात गोदाम सांभाळतो. रेइयो बहिणीकडे कुसामोला राहायला गेला. मी त्याला दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं नाही. दुसरं न फोडता परत आलं. पाकिटावरचा पत्ता खोडून माझा लिहिला होता, वाकड्या, जड अक्षरांत. भाजलेल्या बोटांनी पेन धरणं त्याला अजून जमत नसावं.