डोळ्यातलं लोखंड

"फोटो काढून गावभर दाखवायचाय ना तुला? बघा, थोरल्याचा हात गेला, आता भट्टी माझी!"

थोरला लोहार एवढ्या मोठ्यानं ओरडला की बाकावरची माणसं आपापली दुखणी विसरून बघायला लागली.

"हळू, दादा. दवाखाना आहे हा," धाकटा म्हणाला.

"जन्म ऐरणीशेजारी गेलाय माझा. हळू बोलता येत नाही."

दोघं सख्खे भाऊ, एकाच भट्टीवरचे. थोरला सांडशीत लोखंड धरणार, धाकटा वरून घण घालणार. पण हल्ली थोरल्याच्या उजव्या हाताला मुंग्या यायच्या. परवा तापलेला फाळ त्याच्या सांडशीतून निसटला तो धाकट्याच्या पायाशी. पाय बोटभर अंतरानं वाचला. बाहेर जमीन भाजून दगड झालेली, कोरड्या वाऱ्यानं डोळ्यात धूळ जातेय, शेतकरी नांगर घेऊन खोळंबलेले, आणि हा भर गर्दीत फाळ सोडतो! डॉक्टर म्हणाले, मानेत नस दबली असेल, आतला फोटो काढून आणा. धाकट्यानं लगेच गाडी ठरवली. ते 'लगेच'च थोरल्याला खुपलं. एरवी कोळसा आण म्हटलं तर दोन दिवस हलत नाही हा.

आतून मशीनवाली ताई आली. "काका, पट्टा, अंगठी, खिशातलं सगळं काढून ठेवा. आत मोठं चुंबक आहे."

थोरल्यानं मान वाकडी करून काचेतून पाहिलं. पांढरं धूड, मधोमध भोक. "यात माणूस घालता? माणूस काय खिळा आहे?"

"अंगात कुठं लोखंड आहे का? सळई, छर्रा, कीस, काहीही?"

थोरल्यानं भावाकडे पाहिलं. भाऊ खाली बघत होता. हा आता सांगतोय की काय हिला!

डाव्या डोळ्यात मागं एकदा ठिणगी उडाली होती. लोखंडाचा कीस थोडा निघाला, थोडा आत राहिला. हे दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. डोळा अधू झालेल्या लोहाराकडे नांगर कोण आणणार? हात तर चाललाच होता, आता डोळाही याच्या पदरात टाकायचा?

"अंगात लोखंड असतं तर ठोकून विकलं असतं, बाई. काही नाही."

ताईनं जाड दार उघडलं. थोरल्यानं उंबऱ्यावर पाय टाकला, तोच मागून कुणीतरी कॉलर धरून त्याला असा खेचला की तो बाकावरच आदळला.

"खोटं बोलतोय तो!" धाकटा ओरडला. "डाव्या डोळ्यात कीस आहे त्याच्या!"

"गद्दार!" थोरला म्हणाला.

ताईचा चेहरा उतरला. तिनं दार लावलं आणि आधी डोळ्याचा साधा एक्स-रे काढायला लावला. पडद्यावर एक पांढरी कणी ठसठशीत दिसली.

"त्या चुंबकाजवळ ही कणी सरकली असती तर डोळा गेला असता, काका. हे लपवतात का?"

थोरला भावाकडे वळला. "गेलो असतो आत, तर आयती भट्टी मिळाली असती तुला. ओरडलास कशाला?"

"आयती भट्टी घेऊन काय करू, भाकरी भाजू?" धाकटा तडकला. "लोखंड लाल कधी, पिवळं कधी, पाण्यात कधी बुडवायचं, कळतं का मला? तू आजारी होतास तेव्हा मी कुऱ्हाडीला पाणी दिलं. पहिल्याच घावाला पातं तुटलं. कुऱ्हाडवाला सुतार अजून रस्त्यात गाठून शिव्या घालतो. हात गेला तर सांडशी मी धरीन. डोळा गेला तर लोखंडाचा रंग कोण बघणार, त्या सुताराचा बाप?"

"मग फोटोची एवढी घाई कशाची?"

"फाळ माझ्या पायावर पडत होता, म्हणून!"

बाकावरचं कुणीतरी खुदकन हसलं. थोरल्यालाही हसू येत होतं, त्यानं ते मिशीत दाबलं. मग इकडंतिकडं बघत, आवाज बारीक करून तो म्हणाला, "रंग शिकवीन तुला. पण सगळे नाही शिकवणार."

"नको शिकवूस."

"दोन-तीन शिकवीन."

"काका, चला," ताईनं हाक मारली. "दुसऱ्या मशीनवर घेऊ. त्यात चुंबक नाही."

"नक्की नाही ना?"

"नाही हो!"

थोरला उठला. धाकटा 'कुठले दोन-तीन?' असं विचारायला गेला, तर त्यानं हात उडवला.

"आता नको. बोलावलंय मला. जायला हवं."