नववी लेव्हल

तिने चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापून ओठांत धरला आणि डाव्या हाताने फोनची काच पदराला घासून कोरडी केली. मग काचेवर उजव्या कोपऱ्यात, जिथे खेळातला ठोकळा फिरवायचं गोल बटण दिसत होतं, तिथे तो तुकडा नेमका बसवला. उजवा अंगठा टेकवून पाहिला. पट्टीची कड कातडीला जाणवली. आता निदान बटण कुठे आहे ते खाली न बघता कळणार होतं.

"फोनलाही लागलं का काही?" आईने विचारलं. ती खिडकीपाशी बसून मोज्याला रफू करत होती.

"अंगठा सरकतो गं. आपल्या जुन्या गेमच्या डब्याची बटणं वर आलेली होती. इथे सगळं सपाट."

"मग बघून दाब."

"बटणाकडे बघत बसले तर ठोकळ्याकडे कोण बघणार?"

आईने यावर तोंड वाकडं केलं आणि सुई पुन्हा मोज्यात घातली.

न बघता हात चालवणं हाच तिचा धंदा होता. बांधकामावरच्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये ती बसायची. डोळे खाली हुकावर, कान वॉकीटॉकीवर, आणि दोन्ही हात दोन लिव्हरवर. हातांकडे बघायला तिथे सवड नसते. साइटवर तिला सगळे 'वरच्या बाई' म्हणत. खाली सळया बांधणारे, सिमेंट ओतणारे, चहावाला, सगळे. खाली उतरून गेटपाशी उभी राहिली तरी ती वरच्या बाईच असायची.

आणि मग ऐन कामाच्या दिवसांत, घरी, लोणी काढलेली काचेची बरणी धुताना ती हातात फुटली. शंभर माणसांच्या डोक्यावरून लोखंड नेणारी बाई बरणीने जायबंदी झाली, यावर साइटवर बरेच विनोद झाले म्हणे. अंगठा वाकवणारी आतली दोरी तुटली होती. डॉक्टरांनीच तो शब्द वापरला, दोरी, आणि दोऱ्यांचं तिला कळत होतं. तुटलेल्या दोरीला गाठ मारून पुन्हा भार उचलायचा नसतो, ती बदलायची असते. इथे मात्र शिवून भागवलं होतं.

हाताचा पट्टा निघाल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला, कपड्यांचे चिमटे उघडझाप करायला सांगितले, आणि जाता जाता म्हणाल्या की फोनवर काही खेळत असाल तर खेळा, अंगठा मोकळा होईल. धाकट्या भावाला एवढं पुरेसं होतं.

धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. लहानपणी दोघांत मिळून एकच गेमचा डबा होता, हातात धरून खेळायचा, करड्या रंगाचा आणि हिरवट पडद्याचा. त्यावरून झालेल्या मारामाऱ्यांत आईच्या नाकी नऊ आले होते. तो डबा कधीच भंगारात गेला. पण आता जुन्या डब्याचं सोंग आणणारं एक ॲप मिळतं, ते त्याने तिच्या फोनवर घालून दिलं, आणि वैद्याने पुड्या बांधून द्याव्यात तसे त्याने एकेक खेळ समजावले.

"हा उड्या मारत जाणाऱ्या बुटक्याचा. सकाळी. सोपाय, मन प्रसन्न राहतं. हा तलवार घेऊन गुहांतून हिंडायचा, याला डोकं लागतं, अंगठा कमी. दुपारी जेवून पडल्यावर घे. विचित्र प्राणी पकडून पाळायचा हा एक आहे, पण त्याच्या नादी लागू नको, महिना जाईल."

"आणि ठोकळ्यांचा?"

"तो आहेच की. तो तर तुझाच."

तो खरंच तिचा होता. वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून ओळी भरायच्या. भरलेली ओळ नाहीशी व्हायची, आणि प्रत्येक लेव्हलला पडण्याचा वेग वाढायचा. शाळेत असताना ती नववी लेव्हल आईशी भांडता भांडता खेळायची. धाकटा सहावीच्या पुढे कधी गेला नव्हता, आणि त्या दुःखाने त्याने एकदा डबा पाण्यात बुडवला होता.

म्हणून तिने मनाशी एक ठरवलं. कोणाला सांगितलं नाही. सोमवारी कंपनीत तपासणी होती. दिवा लागला की बटण दाबायचं, हात किती चपळ आहे ते मोजायचं, आणि मगच पुन्हा वर जायला मिळणार. ज्यांना तपासणी द्यायची नसेल त्यांच्यासाठी मुकादमाने खाली गेटवरचं काम काढून ठेवलं होतं. आज संध्याकाळपर्यंत त्याला उत्तर हवं होतं, कारण क्रेनवर कायमचा माणूस बघायचा तर त्यालाही वेळ पाहिजे. तिने ठरवलं होतं की नववी लेव्हल गाठली तर तपासणीला जायचं. नाही गाठली तर गेट.

गेट काही वाईट नव्हतं. खुर्ची होती, पंखा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलता आलं असतं. पण ते जमिनीवर होतं.

ती आज सकाळपासून खेळत होती. आताही खेळली. पट्टीचा उपयोग होत होता, अंगठा सरकत नव्हता. पाचवी लेव्हल गेली, सहावी सुरू झाली, आणि नेहमीचं झालं. तिने दाबलं, आणि ठोकळा किंचित थांबून फिरला. तो किंचित थांबणंच तिला घाबरवत होतं. डोक्यातून हुकूम निघत होता, पण अंगठ्यापर्यंत पोचायला त्याला उशीर लागत होता. शिवलेल्या दोरीतून तो अडखळत येत असावा. ठोकळे वरपर्यंत चढले आणि खेळ संपला.

ठोकळे चढले तर खेळ संपतो. पण लोखंडाचा भारा माणसांच्या डोक्यावर असताना हात उशिरा पोचला तर काय होईल, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

तिने फोन मांडीवर ठेवला. मग पुन्हा उचलला आणि मुकादमाचा नंबर काढला.

"कोणाला लावतेस?" आईने विचारलं.

"मुकादमांना. गेटचं सांगून टाकते."

आईची सुई मोज्यातच थांबली. "नक्की?"

"नक्की."

तिने नंबरावर बोट ठेवायच्या आत दाराची बेल वाजली. आईच उठली, आणि या वयात कधी उठत नसे इतक्या चपळाईने. दारात धाकटा होता, बगलेत बिस्किटांचा पुडा आणि शर्टाला काचांची पांढरी पूड.

"बरं झालं आलास. ही गेटवर जायचं म्हणतेय," आईने त्याला चपला काढायलाही वेळ दिला नाही.

"कसलं गेट? का?"

"अंगठा मंदावलाय," ती म्हणाली.

"डॉक्टर तर म्हणाले छान जुळलाय."

"डॉक्टर माझ्या हाताने ठोकळे खेळले नाहीत. सहावीला मरते मी. रोज. दाबते आणि मग कधीतरी तो फिरतो. तुला खोटं वाटत असेल तर राहू दे." तिचा आवाज शेवटी थोडा फाटला आणि तिला त्याचाच राग आला.

बिस्किटांचा पुडा आईच्या हातात देऊन धाकटा तिच्याशेजारी बसला.

"दे इकडे."

"तू काय करणार?"

"मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की हेच खेळतो माझ्या फोनवर. आठवीपर्यंत जातो आता. हसू नको. दे."

तो खेळायला लागला. दुसऱ्या लेव्हलला मेला.

"हे काय?" तो फोनला म्हणाला आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी तिसरी आली, आणि एक लांबोडका ठोकळा आडवाच येऊन बसला. धाकट्याने त्या ठोकळ्याला आईसमोर न शोभणारं काहीतरी म्हटलं.

"पाण्यात बुडव आता," आई म्हणाली.

पण त्याने फोन डोळ्यांजवळ धरला. दुकानात चष्म्याची काच उजेडात धरून तो ओरखडा शोधायचा, तसाच. एकदा बटण दाबलं आणि बघितलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बघितलं.

"ताई, हा फोनच उशिरा ऐकतोय."

"म्हणजे?"

"माझीच करामत आहे." तो कान खाजवू लागला. "तुला आपला जुना डबा आठवावा म्हणून मी त्याच्यावर एक फिल्टर चढवलं होतं. हा हिरवट रंग, या बारीक रेघा. माझ्या फोनला चालतं ते. तुझा म्हातारा झालाय, त्याला झेपत नाही. तू दाबलंस की तो आधी रंग घोटत बसतो आणि मग ठोकळा फिरवतो."

आईने पुडा फोडायचं थांबवलं.

"पण मग मी सहावीपर्यंत कशी जाते?"

"तेच तर मी विचारतोय. मला तिसरी होईना. तू कशी जातेस?"

तिने विचार केला. उत्तर तिच्या डोक्याला नाही, हाताला माहीत होतं. मांडीवरचा उजवा हात आपोआप अर्धवट मिटला, लिव्हर धरल्यासारखा, आणि थोडा पुढे जाऊन अलगद मागे आला.

"मी आधी दाबत असेन," ती सावकाश म्हणाली. "हुकाला थांब म्हटलं तर तो कुठे थांबतो? झुलत पुढे जातो. तो जागेवर पोचायच्या आधीच हात सोडायचा, मग तो आपला येऊन उभा राहतो. सवयच आहे ती. इथेही तसंच करत असेन. माझ्या लक्षातच आलं नाही."

"आणि तरी तुला वाटलं तुझाच हात उशीर करतोय."

"दुसरं काय वाटणार? नवीन शिवलेला तो होता."

धाकट्याने फोनमध्ये कुठेकुठे जाऊन दोन-तीन ठिकाणी बोट टेकवलं. हिरवट रंग गेला, रेघा गेल्या. पडदा पांढराफटक झाला, दवाखान्याच्या भिंतीसारखा. त्याने फोन तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, पट्टीवर अंगठा टेकवला आणि खेळ सुरू केला.

पहिला ठोकळा पडला. तो हवा त्याच्या आधीच फिरला. दुसरा भलत्याच जागी जाऊन बसला. तिसऱ्याला तिने सरळ करायला म्हणून दाबलं तर तो खाली पोचायच्या आधीच सरळ होऊन कडेला अडकला. जे जे ती करत होती ते ते तत्क्षणी होत होतं, आणि तिला तर ते थोड्या वेळाने व्हायला हवं होतं. ठोकळ्यांचा उकिरडा बघता बघता वरपर्यंत गेला. पहिल्याच लेव्हलला खेळ संपला.

"अरेच्चा," धाकटा घाबरून म्हणाला. "थांब, थांब, अजून काहीतरी राहिलंय..."

पण ती हसायला लागली होती. आधी नुसते खांदे हलले, मग तिला फोन खाली ठेवावा लागला. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने उजव्या हाताच्या अंगठ्याने पुसलं. इतक्या दिवसांत तिने त्याला असल्या कामाला लावलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला होता आणि तो पडल्याचा आवाज जणू तिला ऐकू आला होता.

"हरलीस ना?" आई गोंधळून म्हणाली. "मग हसतेस कशाला?"

"हरले गं. पहिल्याच लेव्हलला हरले. हात आधी पोचतोय, आई. उशिरा नाही. आधी पोचतोय."

आईला ठोकळ्यांतलं काही कळलं नाही. पण एवढं तिला कळलं. तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला, विनाकारण पुसला आणि परत घातला.

मग फोन वाजला. मुकादम.

"वरच्या बाई, काय ठरलं मग? गेटवर खुर्ची टाकू?"

"खुर्ची राहू द्या," ती म्हणाली. "सोमवारी तपासणीला येते."

पलीकडून साइटचा आवाज येत होता, हातोड्यांचा आणि कुठल्याशा गाडीचा.

"या बाई, लवकर या," मुकादम म्हणाला. "तुमच्या जागी आणलेला माणूस भार खाली आणतो ना, तेव्हा आम्ही सगळे भिंतीमागे जाऊन उभे राहतो. घड्याळाच्या लंबकासारखा हलवतो हो तो. चहावालासुद्धा विचारतो, बाई कधी येणार."

तिने फोन ठेवला. धाकटा बिस्कीट खात तिच्याकडे बघत होता.

"सोमवारी दिवा लागायच्या आधी बटण दाबू नको म्हणजे झालं," तो म्हणाला. "आणि नववी राहिलीच की तुझी. आता फोन नीट चालतोय, दोन दिवसांत होईल."

तिने त्या पांढऱ्याफटक पडद्याकडे पाहिलं आणि फोन त्याच्यापुढे सरकवला.

"ते फिल्टर परत चढव."

"परत? उशीर होईल ना त्याने."

"होऊ दे. हूकही उशिराच ऐकतो."

धाकट्याने हसत पुन्हा दोन-तीन ठिकाणी बोट टेकवलं. पडदा हिरवट झाला, बारीक रेघा आल्या. आईने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला. तो तिने उजव्या हाताने उचलून एक घोट घेतला, बाजूला ठेवला, आणि पट्टीवर अंगठा टेकवून, बटणाकडे न बघता खेळ सुरू केला.