गोळी झाली का

माझी थोरली बहीण तापातून उठली, परंतु अन्नावरून तिचे मन उडाले ते उडालेच. पेजेचा वास आला तरी ती भिंतीकडे तोंड फिरवी. डॉक्टर म्हणाले, औषध संपले, आता पोटात घास जाईल तरच ती वाचेल. अशा एका दुपारी ती स्वप्नात बोलावे तशी पुटपुटली, "अधिरसम असतं तर खाल्लं असतं." तांदूळ व गूळ यांचा हा तळलेला गोड वडा आमच्या घरी तीच करीत असे.

माझ्या पत्नीने तो कधीही केला नव्हता. तिने भिजवलेले तांदूळ सावलीत पसरले व दमट असतानाच कुटले. मी इस्त्रीचे दुकान बंद ठेवून गुळाच्या पाकापाशी बसलो. वाफेने खोली धूसर झाली. खिडकी, गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे, कोपऱ्यात डुलक्या घेणारे वडील, सर्व काही जणू मधात बुडाले आहे असे मला भासू लागले, आणि माझे नेत्र मिटले.

पत्नी बाहेर पीठ चाळीत होती. पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी वळली, की पाक उतरवायचा. म्हणून तिने बाहेरूनच विचारले, "गोळी झाली का?"

"झाली की मघाशीच," वडील उत्तरले. ते आपल्या रक्तदाबाच्या गोळीविषयी बोलत होते.

तिने लगबगीने पाक उतरवला व त्यात पीठ कालवून रात्रभर मुरत ठेवले. दुसऱ्या दिवशी पहिला वडा तेलात सोडला, तो ढगासारखा पसरत पसरत नाहीसा झाला.

"बाबा, काल कुठली गोळी म्हणालात?"

"माझी. पाकाच्या गोळीची पंचाईत मी कशाला करू?"

"आणि तुम्ही?" पत्नी मजकडे वळली. "पाक राखायला बसवलं, तर घोरत पडलात."

"तेल का नासताय?"

दारात ताई उभी होती, भिंतीचा आधार घेऊन. "सरक गं. पीठ उरलंय ना थोडं?"

ती पाटावर टेकली. कोरडे पीठ चिमटीचिमटीने गोळ्यात मुरवीत गेली. मग बोट दाबून पाहिले आणि ते बोट सवयीने जिभेला लावले. थोडी थांबली. पुन्हा लावले.

"वेलची विसरलीस."

"विसरले, ताई."

पुढचा वडा तेलात टिकला. ताईने तो दोन झाऱ्यांत दाबून निथळवला आणि फुंकर घालीत मोडला. एक तुकडा तोंडात टाकला. ती सावकाश चावीत होती.