लेव्हलच्या टोकाची ठोकळी

माझ्याकडे काय काय आहे ते आधी मोजून सांगते. ॲल्युमिनियमची एक पोकळ पट्टी, लांबी एक मीटर वीस सेंटिमीटर. काचेच्या नळ्या तीन: एक आडवी, एक उभी, एक तिरकी. प्रत्येक नळीत दोन काळ्या रेघा, थोडे पिवळसर पाणी आणि एकच बुडबुडा. टोकांना रबरी टोप्या दोन असायला हव्यात, आहे एक. पाठीवर पोचे सात, त्यांतले दोन इतके खोल की आत गेलेले सिमेंट आता माझाच भाग झाले आहे.

मित्रांनो, मी एक जुनी लेव्हल आहे. म्हातारे गवंडी मला पाणसळ म्हणतात. बुडबुडा नेहमी नळीतल्या सर्वांत उंच जागी जातो. मला एवढा एकच नियम येतो आणि माझा सगळा संसार त्याच्यावर चालतो. बुडबुड्याचा स्वभाव मात्र भारी अस्वस्थ. शेजारून कुणी पाय आपटत गेले तरी तो थरथरतो, आणि मग माझा जीवही थाऱ्यावर राहत नाही.

कारखान्यात मला एका गुळगुळीत काळ्या दगडावर ठेवले होते. तिथल्या बाईंनी बुडबुडा पाहिला, मला उचलून या टोकाचे त्या टोकाला फिरवले आणि पुन्हा पाहिले. दोन्ही वेळा तो रेघांच्या मधोमध थांबला, तेव्हा त्या म्हणाल्या, "जा," आणि मला खोक्यात टाकले. मला मिळालेली पहिली शाबासकी ती एवढीच.

एका फरशीवाल्याने मला विकत घेतले. त्याच्या हातात मी स्वयंपाकघरांचे ओटे पाहिले, दवाखान्यांचे जिने पाहिले, शाळेच्या फळ्यांच्या चौकटी पाहिल्या. तो म्हणायचा, "ही हातात असली की कुणाची माझ्या वाकड्यात शिरायची छाती होत नाही." त्याचे हात थकले तेव्हा त्याने आपली थापी मुलाला दिली आणि मला मुलीला. दोघे मिळून कामाची कंत्राटे घेऊ लागले. मुलीला सगळे ताई म्हणत. धाकट्या भावाचे नाव पडले होते वादळ, कारण तो एक काम हातात घेऊन दुसऱ्या कामाकडे धावत असे.

मग लाल रेघ मारणारे लेसरचे यंत्र आले आणि मी दाराआड गेले. एकदा तर कुणीतरी मला डब्यात घालून रंग ढवळला. त्याबद्दल मी अधिक बोलणार नाही.

मला पुन्हा बाहेर काढले ते गाड्या धुण्याच्या एका वॉशिंग सेंटरसाठी. धुण्याचे दोन गाळे होते. एकात गाड्या धुणे चालूच ठेवायचे आणि दुसरा फोडून नवा करायचा, असा मालकीणबाईंचा हट्ट होता. "बंद ठेवलं की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. मग काय, नव्या फरशीवर मी एकटी फेऱ्या मारू?" असे त्या म्हणायच्या. त्यामुळे एका बाजूला फवारा, दुसऱ्या बाजूला हातोडे. मध्ये रंगारी, काचवाला, इलेक्ट्रिशियन, आणि प्रत्येकाला आपलेच काम आधी हवे. उडणाऱ्या तुषारांत लेसरची लाल रेघ पसरट होऊन जाई. म्हणून ताईने मला पुसून आणले.

इथे मला एक नवी गोष्ट शिकावी लागली. आयुष्यभर सपाट म्हणजे बरोबर असे मला वाटत आले होते. पण गाडी धुण्याच्या गाळ्यात जमीन सपाट असून चालत नाही. पाणी मागच्या चराकडे वाहायला हवे, म्हणजे फरशीला ढाळ हवा. गाळा सहा मीटर लांब. दारापासून चरापर्यंत साठ मिलिमीटर उतार ठरला होता. ढाळ उलटा पडला तर पाणी दाराकडे येणार, आणि दाराला लागूनच मशीनची खोली: मोटारी, वायरी, विजेचा पॅनल.

यावर गवंड्यांची एक साधी युक्ती आहे. वादळने बारा मिलिमीटर जाडीची लाकडी ठोकळी माझ्या रबरी टोपीच्या टोकाखाली पांढऱ्या चिकटपट्टीने लावली. ते टोक चराकडे धरायचे. मग बुडबुडा मधोमध आला की समजायचे, माझ्या लांबीत जमीन चराकडे बारा मिलिमीटर उतरली.

त्याच सकाळी भावंडांचे वाजले होते. वादळने बांधलेल्या कट्ट्यावर ताई पुन्हा पट्टी फिरवत होती.

"माझ्या प्रत्येक कामावर तुझी परत तपासणी!" वादळ म्हणाला. "मग मी आहे कशाला? हे काम झालं की मी वेगळा होतो, ताई."

"अरे, सवय आहे माझी."

"सवय नाही, भरवसा नाही तुझा."

ताईने पट्टी बाजूला ठेवली. "बरं. गाळ्याची फरशी तुझी. मी तपासणार नाही."

"बघायचंही नाही."

"डोळे काढून देऊ का तुझ्याकडे?"

वादळला हसू आले, पण त्याने शब्द मागे घेतला नाही. वेगळा होण्याचा शब्द तसाच राहिला. ताई निघून गेली आणि गिऱ्हाइकांच्या बसायच्या खोलीत टाइल्स लावू लागली.

काँक्रीट यायच्या आधी इलेक्ट्रिशियन पॅनल टांगत होता. त्याने विचारले, "लेव्हल घेऊ का जरा?" वादळ फोनवर होता, त्याने मान हलवली. पॅनलला सरळ पट्टी हवी होती, म्हणून इलेक्ट्रिशियनने ठोकळी सोडवली. माणूस सज्जन. काम झाल्यावर त्याने ती आठवणीने परत चिकटवली, आपल्या खिशातल्या काळ्या चिकटपट्टीने.

दुसऱ्या टोकाला.

मित्रांनो, त्यानंतरचा वेळ मला आठवला तरी बुडबुडा हलतो. काँक्रीट आले. वादळ चराकडून दाराकडे मागे सरकत भराभर जमीन करू लागला. रबरी टोपी सवयीने चराकडे, नजर बुडबुड्यावर. प्रत्येक वेळी बुडबुडा अगदी मधोमध! आणि जमीन दाराकडे चढायच्या ऐवजी उतरत चाललेली. मला जेवढे विचारले जात होते तेवढे मी सांगत होते. कुठले टोक उचललेले आहे हे मला कुणी विचारत नव्हते. शेजारी फवारा चालू, लोकांची ये-जा, काचवाला ओरडतोय, "सरका, सरका, काच येतेय!" दाराशी पोहोचल्यावर उंबऱ्याचा मेळ बसला नसता आणि चूक कळली असती. पण तोवर मागचे काँक्रीट घट्ट झाले असते.

अर्धा गाळा झाला तेव्हा ताई कोरडे फडके शोधत दाराशी आली. तिने फरशीकडे पाहिले नाही, मान मुद्दाम वळवली. पण मी वादळच्या हातात होते आणि माझ्या टोपी नसलेल्या टोकाला विजेच्या कामाची काळी चिकटपट्टी चमकत होती. ताई जागच्या जागी थांबली.

"ती लेव्हल दे इकडे."

"ताई, तू शब्द दिलायस."

"तुझी फरशी नाही तपासत. माझी लेव्हल तपासते. बाबांनी मला दिलीय ती."

तिने मला आडवे धरले आणि त्याच्यासमोर नेले. "ठोकळी तू कसल्या पट्टीने लावली होतीस?"

"पांढऱ्या." वादळने पाहिले. मग रबरी टोपी पाहिली. मग ठोकळी. त्याचा चेहरा पडला.

पॅनलजवळून इलेक्ट्रिशियन म्हणाला, "अहो, मी काढली होती. पण परत लावली की!"

"कुठल्या टोकाला, दादा?"

"टोकाला म्हणजे... टोकालाच लावली ना!"

वादळ मटकन बसला. "तोड आता सगळं. आणि म्हण, म्हटलं नव्हतं का."

"म्हणायला वेळ कुठाय?" ताईने ओढणी कमरेला खोचली. "ओलं आहे अजून. तू सांग, कुठून उचलायचं?"

ती फावडे घेऊन उभी राहिली आणि तो सांगेपर्यंत तिने काँक्रीटला हात लावला नाही. वादळने तिच्याकडे एकदा पाहिले. मग उठला, ठोकळी सोडवली, रबरी टोपीखाली घट्ट लावली. "दाराजवळचा काँक्रीटचा ढीग मागे ओढा. चरापासून पुन्हा!"

इलेक्ट्रिशियनने न सांगता दुसरे फावडे उचलले. रंगारी आला. शेजारचे तुषार ओल्या काँक्रीटवर येत होते, तेव्हा ज्या मालकीणबाई गाळा बंद ठेवायला तयार नव्हत्या, त्या स्वतः ओरडल्या, "फवारा बंद करा रे! गाड्या थांबतील थोड्या!" एका गिऱ्हाइकाची गाडी साबणाच्या फेसात तशीच उभी राहिली. तो बिचारा आत बसून काच पुसत होता, बाहेरून फेस, आतून रुमाल.

मला इतक्या वेळा उचलून ठेवले की बुडबुड्याला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. काँक्रीट फावड्याला चिकटू लागले होते. शेवटच्या पट्ट्यावर तर थापी जोर लावल्याशिवाय सरकत नव्हती. वादळ दाराबाहेर पडला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना सिमेंट होते आणि ताईच्या केसांना. ओल्यावर काय जमले हे सुकल्यावरच कळते.

मित्रांनो, माझ्यासारख्या मुक्या वस्तूंची एक विनंती ऐका. आम्हाला उसने न्या, खुशाल न्या. पण परत ठेवताना आधी जशा होतो तशाच ठेवा. आणि हातात घ्याल तेव्हा बुडबुड्याआधी एकदा आमच्याकडे बघा. रंग ढवळायला मात्र काठी मिळते.

फरशी पाय ठेवण्याइतकी घट्ट झाल्यावर वादळने पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी आणली. अशा नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभे राहते, म्हणून लांबचे अंतर तिच्यावरच मोजतात. माझी लांबी तिथे पुरत नाही. मला भिंतीला टेकवून ठेवले होते. ही नळी एकट्याने वापरता येत नाही.

"ताई, ते टोक धर."

"मला बघायचंही नव्हतं ना?"

"धर गं. आणि नीट वाच."

ताई चराशी जाऊन उभी राहिली, वादळ दाराशी. नळीतले पाणी वर-खाली झाले, हळूहळू थांबले. दोघांनी पाण्यापासून फरशीपर्यंत टेप सोडली.

"माझ्याकडे नऊशे चाळीस," वादळ म्हणाला. "तुझ्याकडे?"

ताईने वाकून वाचले. पुन्हा एकदा वाचले.

"एक हजार एक."

फरक एकसष्ट मिलिमीटर, उतार चराकडेच; ठरले होते साठ.