बोराजींच्या घरातली बोरं

दुपारच्या सामसुमीत दाराची कडी खळखळली. बाहेर बोरंवाली टोपली टेकवून बसली होती. सक्करदऱ्याच्या कुंपणांवरची इवली इवली लालचुटूक बोरं! बाजारातली कधीच संपली होती, आज रथसप्तमी, आणि संध्याकाळी कुंदाच्या लेकीचं, मुक्ताचं पाचवं म्हणजे शेवटचं बोरन्हाण. बोरांशिवाय ते होणार कसं?

कुंदा धावली आणि उंबऱ्यातच अडली. सासरे बोरीखाली जन्मले म्हणून त्यांचं नाव बोराजी. सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, नवऱ्याचं बायकोनं नाही. चाळीस वर्षांत या घरातल्या बाईच्या तोंडून ‘बोर’ निघालं नव्हतं.

"ते लाल... गोल..." कुंदा म्हणाली.

"टमाटर?" बोरंवाली सारं जाणून होती.

"आंबट वं! आत बी राहते!"

"चिच पाह्यजे काय तुले?" तिनं टोपलीवर फडकं ओढलं. "नाव घे, नाही तं मी चालली."

तेवढ्यात सासूबाई आल्या. डोईवर पदर घेतला, नातीकडे पाहिलं आणि एकदम ओरडल्या, "बोरं! बोरं दे वं, बोरं!"

मग स्वतःच तोंडावर हात ठेवून अशा खुदखुदल्या, की हसता हसता कुंदा खालीच बसली. बोरंवालीनं अख्खी टोपली सासूबाईंच्या पदरात रिकामी केली.

आतून सासऱ्यांची हाक आली, "अवं, आयकलं काय? काय चालू आहे?"

पदरातून निसटून अंगणभर घरंगळलेली बोरं वेचता वेचता मुक्तानं आईचा पदर ओढला.

"आई, मंग आजीचं नाव कोन घेते वं?"