बुंदी जेवत नव्हती

अरे थांबा, पहिल्यापासून सांगते, आणि केदार, तू मधे बोलू नकोस. बुंदी माहितीये ना तुम्हाला? माझी लेपर्ड गेको. हो, पालच, पण भिंतीवरची नाही, जमिनीवर चालणारी. जाडजूड शेपटी, पिवळ्या अंगावर काळे ठिपके, आणि डोळ्यांना चक्क पापण्या, त्यामुळे ती बघते ना तेव्हा खरंच आपल्याकडे बघतेय असं वाटतं. आई अजून फोनवर विचारते, अंगावर पडली तर अंघोळ करतेस ना? मी म्हटलं, ती पडत नाही गं, मीच तिला हातावर घेते. त्यावर आई नुसती शी शी करत राहिली. कॉलिंग कार्डाची मिनिटं तशीच गेली.

तर जानेवारीत बुंदीने जेवण सोडलं. आधी मी एवढं मनावर घेतलं नाही, थंडीत कमी खातात त्या. पण फेब्रुवारीत तिची शेपटी बारीक व्हायला लागली, आणि ह्यांची सगळी चरबी शेपटीतच असते, म्हणजे शेपटी आटली की साठा संपत आला. मी काय काय केलं सांगू? तिच्या काचेच्या टाकीखालचं हीट पॅड बदललं. टेंपरेचर बघायला रात्री उठायचे. ती खाते त्या अळ्यांना कॅल्शियमची पावडर लावून दिली, मग दुसऱ्या अळ्या आणल्या. थंडी वाजत असेल म्हणून आईने पुण्याहून पाठवलेली जाड गोधडी टाकीला तीन बाजूंनी गुंडाळली. काही नाही. अळी समोर वळवळतेय आणि बाईसाहेब तोंड फिरवून बसल्यात.

ॲन आर्बरमध्ये पाली बघणारी डॉक्टर एकच, तिची अपॉइंटमेंट मार्चच्या शेवटी. तोपर्यंत बुंदी टिकेल असं मला खरंच वाटत नव्हतं. मग गेको पाळणाऱ्यांच्या इंटरनेट फोरमवर एकाने लिहिलं की शनिवारी टोलेडोजवळ रेप्टाइल एक्स्पो आहे, म्हणजे साप-पालींचं प्रदर्शन, वर्षानुवर्षं गेको पाळणारे लोक येतात, त्यांना विचार. मी तर वर्षभर एक्स्पो एक्स्पो करत होते, पण जायचं कसं? मला गाडी येत नाही. गाडी नीलांबरीची.

आता नीलांबरी, ही माझी रूममेट, नागपूरची. वर्षभरात तिने माझ्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. अळ्या फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात, थंडीत झोपून राहतात त्या, आणि एकदा तिने तो डबा श्रीखंडाचा समजून उघडला होता. त्यानंतर दोन दिवस तिने फ्रीजच उघडला नाही. तरी मी विचारलं, आणि माझा चेहरा बघून असेल, ती हो म्हणाली. अट एकच, पाल मागच्या सीटवर.

तिच्या गाडीचा हीटर मागे पोचतच नाही. म्हणून मी पण मागे बसले, बुंदीला भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात ठेवलं आणि डबा माझ्या स्वेटरच्या आत, पोटाशी. आईने विणलेला मरून स्वेटर, तुम्ही हसता तो. पुढे मॅपक्वेस्टवरून रस्ता छापून आणलेला कागद मांडीवर घेऊन नीलांबरी, मागे मी. ती म्हणाली तिला टॅक्सी चालवल्यासारखं वाटतंय.

पोचलो. मोठा बॅन्क्वेट हॉल, बाहेर रांग, आणि दारावर हा एवढा बोर्ड: स्वतःचे प्राणी आत आणू नयेत. यार, मला माहीतच नव्हतं. एकाचा रोग, एकाचे किडे दुसऱ्याला लागतात म्हणून सगळ्या एक्स्पोंना हा नियम असतो म्हणे. बाहेर बर्फ, गाडीत ठेवली तर अर्ध्या तासात गारठून मेली असती. आणि मदत सगळी दाराच्या आत. मला तिथेच रडू यायला लागलं. नीलांबरी तिकिटाच्या टेबलापाशी जाऊन हातवारे करून काहीतरी सांगत होती, आणि मग टेबलामागची मुलगी उठून आमच्याकडे लॉबीत आली. आपल्याच वयाची, गळ्यात बॅज, आन्या. ती स्वतः गेको ब्रीड करते, त्या दिवशी तिकिटांवर बसली होती.

मी भडाभडा सगळं सांगितलं इंग्लिशमध्ये. तिने टेंपरेचर विचारलं, खाणं विचारलं, टाकी कशाने धुतेस विचारलं. सगळं बरोबर होतं. म्हणाली, दाखव. मी स्वेटर वर करून डबा काढला, ती वाकली, आणि बुंदीकडे बघायच्या ऐवजी माझ्याकडे बघायला लागली. नाकाने हुंगत.

म्हणाली, "सॉरी, बट यू स्मेल लाइक माय आजीज क्लोजेट."

मला आधी कळेचना. आजी. ग्रँडमा नाही, नानी नाही, आजी. मी म्हटलं, तू मराठी आहेस? ती म्हणाली, कळतं सगळं, बोलता नाही येत नीट, आणि परत स्वेटरचा वास घेतला. मग हळूच, आठवून आठवून शब्द काढला, "डांबर गोळी?"

अरे, मी तो वास कधी वास म्हणून घेतलेलाच नाही. लोकरीला तोच वास असतो ना? आपल्या सगळ्यांच्या घरी गरम कपडे बॅगेतून निघतात ते तसेच निघतात. आईने पार्सल भरताना प्रत्येक घडीत गोळ्या टाकल्या होत्या, गोधडीत तर कोपऱ्याकोपऱ्यात पुरचुंड्या करून. आणि ती गोधडी मी, बुंदीला ऊब मिळावी म्हणून, टाकीभोवती तीन बाजूंनी. डिसेंबरच्या शेवटी पार्सल आलं, माझ्या खोलीत टाकीशेजारीच उघडून ठेवलं, जानेवारीत जेवण बंद, आणि वर गोधडी गुंडाळून मी त्यात भरच घातली. ते किडे मारायचं विष आहे यार, आणि ती एवढीशी.

आन्या म्हणाली, हेच असेल असं मी छातीठोक नाही सांगू शकत, डॉक्टरकडे जाच. पण आधी तिला ह्या वासातून काढ. आत्ता. म्हणजे माझ्या स्वेटरमधून. पण लॉबीचं दार सारखं उघडत होतं, बाहेरचा गार वारा थेट आत, आणि माझ्याकडे दुसरं काही नाही. मग आम्ही दोघींनी नीलांबरीकडे बघितलं. तिचं जॅकेट इथलं, मॉलमधलं, कधी कुठल्या बॅगेत न गेलेलं.

ती म्हणाली, "माझ्याकडे काहून पाहून राहिल्या तुम्ही?"

मग स्वतःच चेन उघडली. डोळे मिटून डबा आत घेतला आणि खुर्चीवर अशी ताठ बसली, जणू मांडीवर कुणाचं तान्हं बाळ दिलंय. आन्याने मला आत पिटाळलं, चरबीवाल्या मऊ अळ्या आणायला, आजारी गेकोला त्याच मोहात पाडतात म्हणे.

आणि मग मी एक्स्पो बघितला. म्हणजे पंधरा-वीस मिनिटं, पण काय सांगू तुम्हाला. टेबलांमागे टेबलं, प्रत्येकावर झाकणाचे पारदर्शक डबे, एकेकात एकेक जीव. दुधासारखे पांढरे साप. ताटाएवढं कासव आणि त्याला लेट्यूस भरवणारे आजोबा. पॉपकॉर्नचा वास, दिव्यांची ऊब. लेपर्ड गेकोंच्या टेबलापाशी मी थांबले आणि नुसत्या शेपट्या बघत राहिले. सगळ्यांच्या गाजरासारख्या. एरवी एक तरी घेतलीच असती, पण त्या दिवशी मला नवीन कोणी नको होतं. अळ्या घेतल्या आणि पळत बाहेर आले.

तर नीलांबरी मान खाली घालून जॅकेटच्या आत बोलत होती. मला बघून घाईने चेन वर ओढून घेतली.

घरी आल्यावर गोळ्या फेकल्या, गोधडी आणि स्वेटर सगळं लाँड्रीत. आईला सांगितलं तर म्हणाली, मशीनमध्ये काय, उन्हात टाक. मिशिगनच्या फेब्रुवारीत. माझ्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवल्या आणि मी सोफ्यावर झोपायला लागले. टाकी कुठे न्यायची? हॉलला लागूनच किचन, तिथे फोडणीचा धूर. उरली नीलांबरीची खोली. मी विचारायच्या आधी तिने टेबल रिकामं केलं होतं.

रविवारी बुंदी नाही जेवली. सोमवारी नाही. मंगळवारी मी आन्याला फोन केला, ती म्हणाली, धीर धर. बुधवारी मी लॅबमध्ये होते आणि फोन वाजला.

"खाल्ली," नीलांबरी म्हणाली.

"काय खाल्लं?"

"अळी. मी समोर धरली, तिने मान वाकडी करून पाहिलं, पाहिलं, आणि खटकन घेतली."

"कशाने धरलीस?"

"हाताने. तुझा चिमटा कुठे असतो मला काय माहीत?"

मी लॅबमधूनच आन्याला फोन लावला. शेपटी अजून पेन्सिलीएवढीच आहे, आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केलेली नाही. पण काल दोन खाल्ल्या. सकाळी मी नीलांबरीला म्हटलं, आता टाकी नेते माझ्या खोलीत, तुला उगाच त्रास. तर म्हणाली, घाई काय आहे, तुझ्या खोलीचा वास तर जाऊ दे आधी. आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं, का तर आत बुंदीचं जेवण चाललंय.